कोर्टाच्या आवारातली फारकत

बाबा, तुम्ही मोडून दिलेलं माझं लग्न मोडलेलंच नव्हतं, हे मला गेल्या वर्षी वाशीमच्या कोर्टात कळलं. तुम्हाला जाऊन आता इतका काळ लोटलाय की शेलूबाजारच्या जीप स्टँडवर तुमची काळी-पिवळी आठवणारा एखाददुसराच म्हातारा उरलाय, आणि त्यालाही माझं नाव सांगावं लागतं. त्यामुळे हे सांगायचं कोणाला, हा प्रश्न होताच. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "थ्याईनं तं जीव तोडून केलं होतं सगळं," आणि पुन्हा तुरीच्या डाळीतले खडे वेचायला लागली. म्हणून तुम्हालाच सांगते.

आधी हे विचाराल की एवढ्या वर्षांनी मी कोर्टात कशाला गेले. तर मी लग्न करतेय. हसू नका. डोक्यात पांढरे केस आलेत, चष्मा लागलाय, सुईत दोरा ओवायला दुकानातल्या पोरींना सांगावं लागतं, आणि अशात हे सुचलंय. हायवेवर टायरचं दुकान असलेला माणूस आहे. बायको वारलेली, मुलगी सासरी. बोलतो कमी. पण माझ्या शिलाईच्या दुकानात त्यानं चांगल्या पिशव्या मुद्दाम उसवून शिवायला आणल्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्याची अट एकच होती, की लग्न सरकारदरबारी नोंदवायचं. पहिल्या बायकोच्या वेळी ते केलं नव्हतं आणि तिच्यामागे त्यानं कागदांपायी फार हेलपाटे खाल्ले होते. मी म्हटलं, त्यात काय, माझे कागद पक्के आहेत. माझ्या वडिलांनी कोर्टातून मोकळं केलंय मला. हे मी अगदी ठसक्यात सांगितलं बाबा, तुम्ही सांगायचात तसंच.

तो दिवस मला असा दिसतो. जीपमध्ये मागे पाच पंच दाटीनं बसलेत, पुढे तुमच्या शेजारी मी, आणि त्या लोकांनी वाशीम येईपर्यंत पाऊसपाणी, कापसाचा भाव, कोणाच्या म्हशीला काय झालं, सगळं काढलंय, फक्त माझा विषय सोडून. आदल्या दिवशी केनवडला देवळाच्या पारावर फारकत झालेली आहे. आपल्यात रीत होती तशी तुराटीची काडी मोडून. नवऱ्यानं एक टोक धरलं, आणि मुलीच्या वतीनं बाप धरू शकतो म्हणून दुसरं टोक तुम्ही. मी तिथं नव्हतेच, मी घरी चुलीपुढे बसले होते. आता वाशीमला कागद करायचाय. कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला माणूस स्टॅम्पपेपरवर मजकूर बडवतो, नवरा सही करतो, माझ्याकडे न बघता पेन माझ्या हातात देतो, मग काळ्या कोटातले एक जण येऊन लाल गोल शिक्का मारतात. तुम्ही त्या शिक्क्यावर फुंकर घालता, शाई फिसकटू नये म्हणून. मग सगळ्यांना भजी आणि चहा. पंचांच्या मधोमध उभं राहून तुम्ही म्हणता, "झालं. कोर्टातून मोकळी झाली माही पोरगी." पुढे कितीतरी वर्षं जीपमध्ये कोणी माझी चौकशी केली की हेच वाक्य. नंतर तो कागद तुम्ही झेरॉक्सच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये चिकटवून आणलात, पाण्यापावसानं खराब होऊ नये म्हणून.

तर नोंदणीच्या कार्यालयातल्या बाईंनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, हे नाही, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल आणा. मला वाटलं, असेल एखादा जोडकागद, आपल्याकडून घ्यायचा राहिला असेल. गेले वाशीमला. नक्कल विभागात माणसानं विचारलं, केस नंबर काय, कोणत्या वर्षाची. मी म्हटलं, नंबर माहीत नाही, पण इथंच झालीय, त्या लिंबाखाली. माणूस चांगला होता. त्यानं माझ्यासमोर दोन्ही नावांनी शोधलं, मागची पुढची वर्षं पाहिली, आणि मग माझा कागद हातात घेऊन म्हणाला, "ताई, तुमची केस कधी दाखलच झाली नाही. हा कागद कोर्टाचा नाही, कोर्टाच्या आवारात केलेला आहे." वर म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, असे कागद घेऊन बरेच लोक येतात.

बाहेर पायऱ्यांवर बसले. राग आला, बाबा, तुमचाच आला. आपल्या जिल्ह्याचा प्रत्येक फाटा पाठ असलेल्या माणसाला लिंबाचं झाड आणि कोर्टाची पायरी यातलं अंतर कळू नये? आणि मेलेल्या माणसावर रागावण्याची पंचाईत अशी की तो चिडत नाही, ओरडत नाही, आपला राग आपल्याच मांडीवर पडून राहतो. मग रडू आलं. इतकी वर्षं मी स्वतःला मोकळी समजून दुकान टाकलं, तुमचं सगळं आजारपण काढलं, दोन स्थळं माझ्या तोंडानं नाकारली, आणि त्या सगळ्या काळात कायद्याच्या लेखी मी केनवडच्या त्या माणसाची बायको होते. त्यानं तर तुमच्या काडीनंतर सहा महिन्यांत दुसरी आणली होती.

तिथंच एका वकीलबाईंची ओळख निघाली. तरुण आहे, भराभर बोलते. तिनं सांगितलं की रीतीनं झालेली फारकतही कधीकधी कोर्ट मानतं, पण मग आपल्या जातीत ती रीत पूर्वापार होती हे साक्षीदार आणून शाबीत करावं लागतं. पाच पंचांपैकी चार वर गेलेत आणि पाचव्याला स्वतःचा नातू ओळखू येत नाही. दुसरा रस्ता परस्पर संमतीचा. दोघांनी मिळून अर्ज करायचा. "तुम्ही इथं राहता, तर अर्ज आपल्या जिल्ह्यातच चालेल, लांब कुठं जायची गरज नाही," ती म्हणाली. "पण त्यांची सही लागेल ताई. ते येतील का?" आणि जरा थांबून तिनं हेही सांगितलं, की पहिली बायको असताना त्यांनी दुसरं लग्न केलंय, त्याची तक्रार तुम्ही करू शकता, हे त्यांनाही कोणीतरी सांगेलच. म्हणजे मला मोकळं व्हायचं तर ज्याच्यापासून मोकळं व्हायचं त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं.

टायरवाला म्हणाला, मी येतो सोबत. मी म्हटलं, तुमचं तिथं काही काम नाही. एकटी गेले. केनवडला स्टँडवर उतरले. घराचं मातीचं धाबं जाऊन स्लॅब पडलाय, बाकी ओसरी तीच. एक बाई मुलीची वेणी घालत बसली होती. मला वाटसरू समजली की पाव्हणी कोण जाणे, पण म्हणाली, "बसा नं, ऊन लागलं असन," आणि पाणी आणलं. तो आतून आला, मला बघितलं, आणि दाराची चौकट धरून उभाच राहिला. पोट सुटलंय. मिशी काढून टाकलीय. मी जे होतं ते सरळ सांगितलं, घोळ घातला नाही.

"झाली नं फारकत," तो म्हणाला. "तुह्या बापानंच तं काडी मोडली, मी काय वेगळं सांगून राह्यलो?"

"थे कोर्टात चालत नाई," मी म्हटलं. दोन वाक्यांत माझी जीभ केनवडची झाली होती.

"मंग आता कायले उकरून राह्यली? मले जेलात टाकाचं हाय काय?"

मी म्हटलं मला तक्रार करायची नाही, सही पाहिजे. तो ऐकेना. वकिलाला विचारतो, भावाला विचारतो, पेरणी झाल्यावर पाहू, असं त्याचं सुरू झालं. तेव्हा त्या बाईनं मुलीला शेजारी पाठवलं आणि हातातला कंगवा तसाच धरून विचारलं, "म्हंजे मी कोन?"

बाबा, मी त्या बाईला कित्येक वर्षं मनात शिव्या घातल्या होत्या. तिला पोरं झाली, मला झाली नव्हती, एवढा गुन्हा शिव्यांना पुरेसा होता. आणि आता ती माझ्यासमोर पडलेल्या चेहऱ्यानं उभी होती आणि तिचं सगळं घर माझ्या एका कागदावर येऊन थांबलं होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी तिला वकीलबाईनं सांगितलेलं सांगितलं, की आधी आमचं कायद्यानं मोडलं पाहिजे, मग तुम्ही दोघांनी लग्न परत लावून नोंदवून घ्या.

"पोरगी बारावीले हाय अन् मी नवरी होऊ?" ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग त्याला म्हणाली, "सही करा. भावाले काय विचारता? भावाची बायको बिनकागदाची हाय काय?"

तो येतो म्हणाला. मान खाली घालून, पण म्हणाला.

ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी दिसायला लागल्यावर म्हणाली, "राग नका मानू, पन मले लग्नात असं सांगतलं होतं का पहिली नांदलीच नाई, बापासंगं निंगून गेली."

मी म्हटलं, "मले कोनी इचारलंच नाई."

हे माझ्या तोंडून गेलं आणि मलाच नवीन वाटलं. वाशीमपर्यंत खिडकीशी बसून मी तेच घोळवत राहिले. कारण ते खरं होतं. त्या उन्हाळ्यात मी त्याच घराच्या धाब्यावर कुरड्या घालतेय. कोपरापर्यंत हात चिकानं भरलेत. खाली जीप थांबते आणि तुम्ही वर न येता अंगणातूनच हाक मारता, "चाल माय, गाडीत बस." मला वाटतं आईला काही झालं. मी चपलासुद्धा विसरते. सासू काही विचारते, तुम्ही उत्तर देत नाही. वाटेत तुम्ही एक शब्द बोलत नाही आणि मी देवाला आईसाठी साकडं घालत येते, हातावरचा चीक वाळून कातडी ओढतेय तिकडेही लक्ष नाही. घरी येऊन बघते तर आई धडधाकट, ज्वारी पाखडत बसलेली. मग कळतं. सकाळच्या फेरीला तुमच्याच जीपमध्ये मागच्या सीटवर केनवडकडची दोन माणसं बोलत होती, की अमक्याच्या पोराला मूल नाही म्हणून दुसरी बघून राह्यले, पोरगी पसंतही झाली. पहिलीचा बाप पुढे स्टेअरिंग धरून बसलाय हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही त्यांना त्यांच्या गावी उतरवलंत, गाडी वळवली, आणि थेट माझ्याकडे आलात. जीपमधली बाकीची माणसं मध्येच उतरवली म्हणून त्यांनी आरडाओरडा केला, हे आईनं मला नंतर सांगितलं. माझ्यासाठी तुम्ही अख्खी फेरी सोडलीत, हे मी आजपर्यंत लोकांना कौतुकानं सांगत आलेय, आणि ते कौतुक खोटं नाही.

कोर्टात तो आला. तीही आली, मागच्या बाकावर बसली. अर्ज दिला, मग कायद्यानं ठेवलेली मधली मुदत संपायची वाट पाहिली, मग पुन्हा तारीख. बाबा, आत काही नाट्य नसतं. पंखा फिरत असतो, लोक आपल्या नावाच्या पुकाऱ्याकडे कान लावून बसलेले असतात. आमचा पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी आधी त्याला विचारलं, तो दोनदा हो म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हा अर्ज तुम्ही स्वतःच्या मर्जीनं केला आहे का? कोणाचा दबाव आहे का? पुन्हा एकत्र नांदायची इच्छा आहे का?"

मी गप्प झाले. वकीलबाईला वाटलं मला ऐकू आलं नाही, तिनं प्रश्न परत सांगितला. ऐकू आलं होतं. एवढ्या आयुष्यात तो प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं, म्हणून जरा वेळ लागला. न्यायाधीशबाईंनी घाई केली नाही. मग मी सांगितलं की अर्ज माझ्या मर्जीचा आहे, दबाव कोणाचा नाही, आणि नांदायची इच्छा नाही. आवाज बरा निघाला. बाईंनी घटस्फोट मंजूर केला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "येतो मंग," आणि मी म्हटलं, "या." ती माझा हात धरून थोडा वेळ उभी राहिली. पुढच्या महिन्यात माझं नि टायरवाल्याचं लग्न नोंदवलं जाईल. आई येणार आहे.

तुम्ही असतात तर हे पत्र मी लिहिलं नसतं, आणि आता लिहिलंय ते कुठं पाठवायचं नाही हे पक्कं असल्यामुळे शेवटचं एक सांगून टाकते. त्या दिवशी अंगणातून हाक मारण्याऐवजी तुम्ही वर आला असतात, आणि न्यायाधीशबाईंनी विचारलं तसं मला विचारलं असतं, तर मी तुमच्याबरोबर आले नसते. दुसरी आली असती तरी सवतीबरोबर राहिले असते, तिची पोरं खेळवली असती, आणि माझं वाटोळं झालं असतं, हे मला आज चांगलं कळतं. तुमचं बरोबर होतं. पण मला तो माणूस तेव्हा फार आवडायचा, बाबा.