टपावरची शिडी आणि नेऱ्याला जमलेली माणसं

कासार आंबोली,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

चि. सौ. आशालता हिला हैबतदादाचा तोंड भरून आशीर्वाद.

इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे वाक्य दरवेळी सवयीनं लिहितो तसं लिहिलेलं नाही, या वेळी मुद्दाम लिहिलंय. माझ्याबद्दल तुझ्या कानावर दुसरं काही आलं असेल तर ते पुसून टाक. तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? पाहुण्यांचा खोकला थांबला असेल तर त्यांना नमस्कार सांग, आणि थांबला नसेल तर आधी आल्याचा काढा दे आणि मग नमस्कार सांग. फोनच केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला थांबता येत नाही. म्हणून कागद, तोही एसटीच्या वाहकाच्या हाती, उद्याच मिळावा म्हणून.

तुला ठाऊक आहे, मी कुठल्या शाळेत काही शिकलो नाही, पण बंगलेवाल्यांच्या पन्हाळी साफ करणं, गणपतीत दिव्यांच्या माळा चढवणं ही कामं बघून-बघून हाताला लागली. त्यापायी ती लांब बांबूची शिडी आणि आपली जुनी जीप हीच माझी इस्टेट. पण आमचा पोरगा शेखर पिरंगुटच्या कंपनीत सुरक्षेच्या कामाला लागल्यापासून त्याला जेवणाच्या ताटातही धोका दिसतो. (परवा सुनेला म्हणाला, भाकरीचा तवा भिंतीपासून लांब ठेव.) गेले कित्येक दिवस त्याचं एकच टुमणं, "आबा, आता बास. जीपची चावी माझ्याकडं द्या." मी म्हणायचो, "चावी माझ्या कंबरेला हाय तवर मी माणूस. ती गेली की मी ओट्यावरचं पोतं." शेवटी आमच्यात तह झाला. नेऱ्याला कोंडिबानं (म्हणजे तुझ्या वहिनीचा धाकटा भाऊ) भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्यात, त्या रंगवायला त्याला उंच शिडी हवी होती. मी ती एकट्यानं टपावर बांधून न्यायची. वाटेत शिडी तसूभर हलली नाही आणि घरी तक्रारीचा एकही फोन आला नाही, तर चावी कायमची माझी. नाहीतर त्याची.

आता बांधणी ऐक, कारण त्यात माझा काडीचा दोष नाही. शेखरनं कंपनीतून कटकट वाजणारे पट्टे आणले होते, ते मी परत पाठवले. जी वस्तू स्वतः कटकट करते ती दुसऱ्याला काय गप्प बसवणार? मी आपलं चऱ्हाट काढलं. शिडी जीपच्या लांबीला सरळ, मधला भार कॅरिअरच्या बरोबर मध्यावर, दोन्ही आडव्या दांड्यांना आवळून वेढे, पुढचं टोक बंपरला, मागचं टोक मागच्या कडीला, आणि मागं बाहेर आलेल्या भागाला लाल फडकं. शेखर म्हणाला, "आबा, सुरगाठ मारा, सोडायला सोपी." मी म्हटलं, "सुरगाठ पिठाच्या पिशवीला मारत्यात. शिडीला निरगाठच पायजे." आणि दोन्ही पाय चाकाला लावून अशी ओढली, की जीप कण्हली.

पण एक बारीक गोष्ट राहिली. खंडेनवमीला मी शिडीला तेल पाजून तिची पूजा केली होती. तेल अजून सुटत होतं, ते जीपवर ओघळू नये म्हणून सूनबाईनं, अपेक्षानं, शिडीला माझं जुनं पांढरं धोतर गुंडाळलं. वर झेंडूच्या माळा होत्या, गुलाल होता. मी माळा काढायला गेलो तर म्हणाली, "असू द्या मामंजी, पूजेचं हाय, वाऱ्यानं गळंल तवा गळंल." वर शेखरचा हुकूम, गाडी सावकाश चालवायची आणि चारी दिवे लुकलुकते ठेवायचे. आता आशे, डोळे मिटून बघ. दोन लांब बांबू, त्यांना आडव्या काठ्या, दोरखंडाचे वेढे, पांढरं कापड, झेंडू, गुलाल, आणि मुंगीच्या पायानं निघालेली जीप. मला यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण मी टपाखाली बसलो होतो. तोंडाला धुळीसाठी टॉवेल बांधलेला.

रस्त्याला लागलो आणि लोकांमध्ये एवढा चांगुलपणा कुठून आला तेच कळेना. एरवी भोंगे मारत अंगावर येणारे डंपरवाले बाजूला थांबून वाट देत होते. मोटरसायकलवाले हेल्मेट काढून हात जोडत होते. मीही टॉवेलाआडून हसून हात जोडत होतो. मागं सिटी बस होती, ती पुढं जाईना, तिच्यामागं आणखी गाड्या, असा आमचा तांडा घोटवडे फाट्यावर पोचला. तिथं एक भाजीवाली बाई (बाळाबाई, वरच्या वाडीची, आपल्या ओळखीची नाही) काचेपाशी आली. गाडीच्या आवाजात मला वाटलं, कुठं चाललात म्हणून विचारतेय. ती म्हणत होती, "कोण गेलं वो?" मी म्हटलं, "आजून गेलो कुटं? मीच चाललोय की, नेऱ्याला!" बाईनं तोंडावर पदर घेतला. म्हणाली, "दुःखानं डोस्कं फिरलंया गरिबाचं," आणि टपाला हात लावून पाया पडली.

तिथंच चहा पीत उभ्या असलेल्या गोरखनं (हा कोंडिबाचा शेजारी, पिरंगुटला कामाला) जीप ओळखली. मला ओळखलं नाही. त्यानं कोंडिबाला फोन लावला, की दाजी गेले आणि जीप नेऱ्याकडं निघालीय. कोंडिबा शहाणा, म्हणाला, खात्री करून घेतो. त्यानं शेखरला फोन केला. तो संवाद मला नंतर दोघांनी भांडत-भांडत सांगितला, तो असा:

"शेखर, दाजी गेले म्हनं?"
"व्हय मामा, सकाळीच गेले."
"आरं, असं कसं अचानक?"
"अचानक कुटलं, चार दिवस तयारी चालली व्हती. मीच स्वतः हुबा राहून बांधून घेतलं."
"आन हिकडं का आनताय?"
"तुमीच मागितलं व्हतं की मामा!"

यावर कोंडिबानं फोन ठेवला आणि ओट्यावर बसून रडायला लागला, की मी कधी मागितलं होतं?

मी नेऱ्यात पोचलो तर दारात ही माणसं! अंगणात चुलीवर पाण्याचं पातेलं, कोंडिबाच्या डोक्यावर टॉवेल. खोली बघायला आलेला कॉम्प्युटर कंपनीतला एक पोरगा हात बांधून मान खाली घालून उभा. मी घाबरून उतरलो, टॉवेल सोडला आणि विचारलं, "कोंडिबा, कोण रं गेलं?" कोंडिबानं मला बघितलं, मग टपाकडं बघितलं, मग परत मला बघितलं, आणि "दाजीऽ" करून गळ्यात पडला तो माझ्या पाठीत बुक्क्या मारतच. माझ्याविषयी चांगलं बोलायला सुरुवात केलेल्या दोघांनी मला बघताच वाक्य अर्धंच सोडलं. (मी म्हटलं, पुरं करा की, पण नाहीच.) रडायला आलेल्यांना उपाशी कसं धाडायचं म्हणून त्याच चुलीवर पिठलं झालं, आणि मी मधोमध बसून दोनदा वाढून घेतलं. आपल्यासाठी इतकी माणसं कामं टाकून येतात हे बघायला एरवी कुणाला मिळतं?

तेवढ्यात शेखर आला. लोक गेले म्हणतायत ते वारले या अर्थानं, हे कुणीतरी त्याला समजावून सांगितलं होतं, त्या धावपळीत कंपनीचा बूट एका पायात आणि दुसऱ्या पायात चप्पल. माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि जीपकडं गेला. दोन्ही हातांनी शिडी हलवली. जीप हलली, शिडी हलली नाही. मी म्हटलं, "चावी?" तो म्हणाला, "फोन आलाच की आबा." मी म्हटलं, "तो तक्रारीचा न्हवता, दुखवट्याचा व्हता. तहात दुखवट्याचं काय ठरलं न्हवतं." सगळे हसले, शेवटी तोही हसला आणि म्हणाला, चावीचं रविवारी ठरवू. कोंडिबाच्या भिंती रंगल्या, सगळं गोडीत झालं.

वहिनीचा तुला आशीर्वाद. पोराबाळांना माझे पापे.

तुझा
हैबतदादा

ता.क. भिंती रंगल्या असं वर लिहिलंय ते खरं, पण शिडी जीपवरच होती. निरगाठी सुटेनात. जीप भिंतीला लावायची, रंगाऱ्यानं टपावर शिडीवर उभं राहायचं आणि मी हातभर पुढं घ्यायची, अशा खोल्या रंगल्या. वरची पट्टी राहिलीय.

आणखी ता.क. शिडी घरी परत आली तीही टपावरूनच. शेखर म्हणतो, स्वतः मारलेली गाठ जो सोडू शकत नाही त्यानं बांधलेलं सुरक्षित कसं? रविवारपर्यंत सोडली नाही तर तो कटर आणून चऱ्हाट कापणार, आणि चावी त्याची. पत्र खरं यासाठीच लिहिलंय. लहानपणी माझ्या निरगाठी तूच दातांनी सोडायचीस. दात अजून तुझेच आहेत ना? शेखर शनिवारी दुपारच्या पाळीला असतो. सकाळच्या गाडीनं ये, मी जीप घेऊन फाट्यावर थांबतो. टपाकडं बघून रडायला लागू नकोस, खाली बघ, गाडी मीच चालवत असेन.