लेम्पीवन्संची भट्टी कशी झाली, त्याचा खुलासा

ती. लेम्पीवन्सं यांस,

भावजय केर्तू हिचा नमस्कार. तोही खुर्चीत बसूनच, कारण माझे गुडघे आता कोणापुढेच वाकत नाहीत, पाद्रीणबाईंपुढेसुद्धा.

इकडे आम्ही सगळी धडधाकट आहोत. (म्हणजे आपल्या वयात माणूस जितपत धडधाकट असतं तितपत.) तिकडे स्वीडनात, बोरोसला, तुमचा खांदा कसा आहे? त्या सूतगिरणीनं चाळीस वर्षं पगार दिला आणि जाताना खांदा ठेवून घेतला, असं तुमचे भाऊ, आमचे ताइस्तो, नेहमी म्हणायचे. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात अजून चिठ्ठ्या लावतात का? आणि मुख्य म्हणजे, आज रक्तदाबाची गोळी घेतलीत ना? घेतली नसेल तर हे पत्र कॉफीच्या बशीखाली ठेवा आणि आधी गोळी घ्या. मी थांबते. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही मधेच "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, आणि हा मामला "बरं, बरं" म्हणण्यासारखा नाही. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे पत्र तुम्हाला नात पिल्वीच्या चर्चमधल्या दृढीकरणाला बोलावण्यासाठी नाही. ताइस्तो नसलेल्या घरात पाऊल टाकवणार नाही, असं तुम्ही नाताळच्या कार्डात लिहिलंत. मी ते वाचलं, कपाटात ठेवलं, विषय संपला. दफनाच्या दिवशी तुम्ही कॉफीसुद्धा न घेता जहाज गाठलंत, त्याबद्दलही मी काही म्हणत नाही. (तुमच्या वाटचा केक मला तीन दिवस पुरला. तेही म्हणत नाही.)

तर पिल्वी. आपली पोर पंधरा वर्षांची झाली, आणि ऑक्टोबरात आजोबा गेले तेव्हापासून माझ्याशी तीनच शब्द बोलायची: "हो", "नाही" आणि "माहीत नाही". त्यातही "माहीत नाही" जास्त. वसंतात आईला म्हणाली, दृढीकरणाआधीच्या शिबिराला जाईन, पण त्या दिवशी वेदीपुढे उभी राहणार नाही. का, तर "माहीत नाही". अहो, आम्हाला माहीत होतं. त्या वेळी धर्ममातापिता शेजारी उभे राहून डोक्यावर हात ठेवतात. बारशाला तिचे धर्मपिता झाले होते ताइस्तो. (आणि धर्ममाता कोण, ते तुम्हाला सांगायला नको. मी काही म्हणत नाही.) आपल्या गावात न उभी राहिलेली पोर मी जन्मात पाहिली नाही. पण मला गावाची भीती नव्हती. मला वाटायचं, ही आज एकदा "उभी राहणार नाही" म्हणाली, की पुढे आयुष्यभर कुठेच उभी राहणार नाही. त्यात रात्रंदिवस वाचायची काय, तर भलत्यासलत्या गोष्टी. माणसाची सावली दुसऱ्या शाळेत नाव घालते, गावातल्या प्रत्येकाचं रोज एक हाड कमी होतं, असलं काहीतरी. तिची आई म्हणाली, सगळी तरुण मुलं हेच वाचतात हल्ली. मी म्हटलं, सगळ्या मुलांना एकदम ताप आला तर त्याला आपण साथ म्हणतो.

म्हणून मी सरोवरावरच्या शिबिरात स्वयंपाकाचं काम मागून घेतलं. सांगायला तीस पोरांची मकरोनी, खरं म्हणजे पाळत. आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. कोठीच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला होता. नावं आणि वेळा, अगदी सौनाच्या न्हाणीच्या पाळ्यांची यादी असते तशी: ओत्सो साडेदहा, सेल्मी अकरा, पिल्वी साडेअकरा. मला भरून आलं. वाटलं, काय गुणी पोरं आहेत, न सांगता बटाटे सोलायच्या पाळ्या लावून घेतल्या. मी नावं पुकारायला लागले. पोरं आली. हातात सुरी दिली, सोलायला बसली. तीन दिवस सोलत होती, वन्सं. तिसऱ्या दिवशी बटाटे संपले तर मी गाजरं दिली. एकानं तोंडातून अक्षर काढलं नाही की बाई, ही बटाट्यांची यादी नाही. तुम्ही स्वीडनला जाऊन बोलक्या झालात. इथं अजून असंच आहे, समोरच्याची चूक दाखवण्यापेक्षा माणूस गाजरं सोलतो.

चौथ्या दिवशी पिठाच्या पोत्यामागे हात घातला तर त्याच भलत्या गोष्टींचं पुस्तक. तेव्हा उलगडा झाला. मोबाइल सकाळी जमा करतात, ग्रंथालयाची प्रत एकच, तेव्हा पोरांनी वाचायच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि वाचायची जागा म्हणजे माझी कोठी. मी सोलायला बसवत होते ते वाचकांना. पुस्तक तर असं फुगलेलं, की सौनाच्या वाफेतही नेलं असणार. मी म्हटलं, जप्त करावं आणि पाद्रीणबाईंच्या हाती द्यावं. पण देण्याआधी काय देतोय ते नको का पाहायला? उभ्या उभ्या एक पान वाचलं. मग बटाट्याच्या पोत्यावर बसले. त्या दिवशी मकरोनी खालून करपली, आणि तीसही पोरांनी ती गुपचूप खाल्ली.

मी वाचली ती गोष्ट अशी. एक आत्या हिवाळ्यात पाहुणी येते, स्वयंपाकघरात कोपरा धरून बसते, आणि हळूहळू तिची विटांची भट्टी होते. आधी पाय, मग कंबर. कशामुळे, ते लेखक सांगत नाही. घरातले दोन दिवस रडतात, तिसऱ्या दिवशी थंडी पडते, मग तिच्यातच पाव भाजतात. आणि त्या पावाला, आत्या जन्मभर जे बोलली नाही त्याची चव येते. शेवटची पानं वाफेनं चिकटली होती. मी नखानं सोडवायला गेले तर फाटायला लागली, म्हणून सोडून दिलं. शेवट मला कळलाच नाही, आणि दिवसभर मी त्या बाईचाच विचार करत होते. तिला चटका बसत असेल का? माझं शिक्षण किती ते तुम्हाला ठाऊकच आहे. चौदाव्या वर्षी बेकरीत लागले, जे वाचलं ते पिठाच्या हातांनी. पण इतक्या वर्षांत कुठली गोष्ट अशी मागे लागली नव्हती.

आता खरी भानगड. पाचव्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी स्वयंपाकवाल्या बाईनं स्वतःच्या आयुष्याबद्दल दोन शब्द सांगायचे, ही जुनी रीत. मी कागदावर लिहून नेलं होतं, बेकरीतले दिवस, देवाची कृपा, सगळं मापात. उभी राहिले आणि लक्षात आलं, चष्मा कोठीत. समोर तीस पोरं, पाद्रीणबाई मान तिरकी करून ऐकायला बसलेल्या, बाहेर आपल्या उन्हाळ्यातला न मावळणारा लख्ख उजेड, खिडकीवर डासांची भुणभुण, आणि माझ्या डोक्यात पार अंधार. आत फक्त एकच गोष्ट बसली होती, ती भट्टी. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, आमच्या घरी एकदा एक पाहुणी आली. आत्याला नाव तर पाहिजे. आपल्या घरी येऊन कोपरा धरून बसणारी, थंडी वाजते म्हणणारी आणि मनातलं न बोलणारी माणसं मला किती ठाऊक आहेत? वन्सं, तोंडातून तुमचं नाव गेलं.

तिसऱ्या वाक्याला माझ्या ध्यानात आलं, की ही गोष्ट समोरच्या सगळ्यांनी वाचलेली आहे. वाटलं, आता कोणीतरी हसेल, मग सगळी हसतील, आणि पिल्वी शरमेनं सरोवरात उडी घेईल. कोणी हसलं नाही. पोरं बटाट्यांच्या वेळी बसली होती तशीच बसली होती. मग मी थांबणार कशी? तुमचे पाय विटांचे केले, कंबर केली, (क्षमा असावी, कंबरेला बऱ्याच विटा लागल्या,) तुमच्यात राय धान्याचा पाव भाजला. आणि शेवटाशी आले तर शेवट माझ्याकडे नाही. तेव्हा जे सुचलं ते बोलले. म्हणाले, माझा नवरा दर शनिवारी भट्टी पेटवायचा आणि तिला पाठ टेकून बसायचा. तो बोलायचा नाही, तीही बोलायची नाही, दोघांचं बरं चाललं होतं. ऑक्टोबरात तो गेला, तेव्हापासून ती गार आहे.

मग मागच्या बाकावरून आवाज आला. मी ओळखलाच नाही आधी, इतके दिवस ऐकला नव्हता ना.

"मग? परत पेटली का ती?"

पिल्वी. मला खोटं सांगता येईना. खरं म्हणजे तोवर सगळं खोटंच सांगत होते, पण तिथं येईना.

म्हटलं, "मी अजून काडी लावून पाहिली नाही."

हे मात्र खरं आहे, वन्सं. तुम्हाला कळवलं नव्हतं. आपल्या स्वयंपाकघरातली भट्टी त्या दिवसापासून मी पेटवली नाही. पाव दुकानातून आणते. त्याला कसलीच चव नसते.

त्यानंतर भांडी घासताना पिल्वी आपण होऊन फडकं घेऊन आली. पाळी तिची नव्हती. (आता मी यादी नीट वाचते.) तिच्याकडूनच कळलं की पुस्तकात ते लोक घर एका दंतवैद्याला विकून निघून जातात. मी म्हटलं, आणि आत्या? तर म्हणे, आत्या तिथंच. मला इतका राग आला की पातेलं दोनदा घासलं. मग मी बिचकत बिचकत विचारलं, तुला यात आवडतं तरी काय गं? खरंखुरं लिहिलेलं इतकं पडलंय. ती बशी पुसता पुसता म्हणाली,

"खऱ्या गोष्टीत आजोबा मेले की सगळे माझ्याकडे बघतात, आता रडेल म्हणून. यात आत्याची भट्टी होते, तेव्हा माझ्याकडे कोणी बघत नाही. मग मला रडता येतं."

मी तिच्याकडे न बघता बशी घेतली आणि फळीवर ठेवली. शिबिराचे उरलेले तिन्ही दिवस पुस्तक जप्त करण्याऐवजी मी माझं नाव यादीत घातलं, पहाटे पाच, लापशीच्या आधी. ते हाडांचं प्रकरण तर तुम्ही वाचाच. तुमच्या खांद्याला बरं वाटेल.

तर वन्सं, खुलासा एवढाच. तुमच्या नावाचा गैरवापर झाला, माफ करावं. तुमच्या धाकट्या भावाची आठवण म्हणून तरी रागावू नये. गोळी वेळेवर घ्यावी.

तुमची भावजय,
केर्तू

ता. क. एक सांगायचं राहिलं. पाद्रीणबाई नव्या आहेत, आणि त्या खोलीत पुस्तक न वाचलेल्या एकट्या त्याच. त्यांनी असा अर्थ घेतला, की दुःखी म्हातारी आडवळणानं बोलते आहे, आणि तुम्हीही गेलात. दुसऱ्या सकाळी त्यांनी ताइस्तोशेजारी तुमच्या नावाची मेणबत्ती लावली आणि फार सुंदर प्रार्थना केली. भर सभेत त्यांना चूक कशी दाखवायची? मी मान खाली घालून बसले. शेवटी त्यांनी मला मिठी मारली आणि मी "आभारी आहे" म्हणाले. आता तर मुळीच दाखवता येत नाही.

ता. क. दुसरं. दृढीकरण येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आहे, सकाळी दहाला. पिल्वी उभी राहते म्हणाली. पण म्हणाली, एका बाजूला कोणी नको, ती जागा आजोबांची, आणि दुसऱ्या बाजूला भट्टीच पाहिजे. मी म्हटलं, अगं, येणार नाही असं आत्याआजीनं कळवलंय. तर म्हणे, तिला सांग, काही बोलू नको, नुसता डोक्यावर हात ठेव. वन्सं, पोरीनं आठ महिन्यांत मागितलेली ही पहिली गोष्ट आहे. त्याआधीच्या शुक्रवारचं जहाज संध्याकाळी सुटतं. तुर्कूच्या बंदरावर पिल्वीची आई गाडी घेऊन उभी राहील. तुम्हाला घरात पाऊल टाकवलं नाही तर मी तुमच्यासोबत अंगणात बसेन, डास कितीही असोत.

ता. क. तिसरं, आणि हे रागावल्याशिवाय वाचावं. तुम्ही होकार कळवलात, असं मी काल पिल्वीला सांगून बसले आहे. तिनं ते बाकीच्या एकोणतिसांना मोबाइलवरून कळवलं. चर्चच्या दाराशी ती सगळी रांगेत उभी राहणार आहेत. बोलणार कोणीच नाही, तुम्ही घाबरू नका, त्यांना फक्त तुमचे हात गरम आहेत का ते पाहायचंय. तेव्हा जहाजावर हातमोजे घालूनच बसा. आणि पाद्रीणबाई दिसल्या तर त्यांनाच आधी खुर्ची द्या.