डाव्या खांद्याचा अर्धा इंच

१२ मे, दुपार

सहा वर्षांत पहिल्यांदाच शिलाईच्या दुकानाला कुलूप लावून सहलीला निघालो! मी, आमचे हे आणि सासूबाई. रोजनिशी घरीच राहिली, म्हणून मापाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिते आहे. गाडी सुरू झाल्यापासून यांची टकळी चालू. सासूबाईंनी दोनदा कोपरापासून हात जोडले, तरी गप्प बसतील तर शप्पथ.

वाटेत रस्त्याच्या कडेला एक उभा दगड लागला. पुरुषभर उंच, त्यावर माणूस कोरलेला. चेहरा झिजून सपाट, अंग मात्र काठीसारखं ताठ. कोणी, कशासाठी उभा केला, कुठेच लिहिलेलं नाही. मला गंमत सुचली. यांना दगडाला पाठ लावून उभं केलं, पर्समधला टेप काढला आणि दोघांची उंची ताडून पाहिली. सारखी भरली! आता यालाही शर्ट शिवते, म्हटलं, आणि पोट धरून हसले.

परत गाडीत बसल्यावर हे गप्प होते. ऊन लागलं असावं.

१३ मे, सकाळ

मुक्कामाची खोली छान आहे, खिडकीतून तळं दिसतं. यांनी सहलीसाठी शिवलेला नवा शर्ट घातला आणि माझा चेहराच पडला. शर्ट डावीकडे ओढला जात होता, कॉलर तिरकी. यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. लग्नाआधी पहिला शर्ट शिवला तेव्हापासून मी तसंच बेतते. यावेळी घाई नडली वाटतं.

१३ मे, संध्याकाळ

जुना शर्टही तिरका बसतोय. त्याच्या आधीचाही. मनात पाल चुकचुकली. काहीतरी निमित्त काढून माप घेतलं, तर दोन्ही खांदे सारखे! टेप लावला की हे गुदगुल्या झाल्यासारखे हसतात. आज पापणीसुद्धा हलली नाही.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, पोरगा एकदाचा सरळ उभा राहतोय, तर तुझ्या का पोटात दुखतंय?

१४ मे

खोल्या सांभाळणाऱ्या बाईला दगडाबद्दल सहज विचारलं. तिच्या हातातली चादर तशीच राहिली. पाठ लावली का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. पाठ लावणारा आत जातो, म्हणाली, आणि आतला बाहेर येतो. दगड रिकामा राहत नाही.

सासूबाई दारातच होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

आज दिवसभर तो माझ्याकडे बघतोय. मला त्याला ‘हे’ म्हणवत नाही.

१५ मे

परतीची वाट. मीच त्याला गाडी थांबवायला लावली. दगडातल्या माणसाचे खांदे मोजले. डावा अर्धा इंच खाली — तीनदा मोजलं — तेवढाच. छातीवर हात ठेवला. आत धडधड. माझा माणूस इथे आहे. मीच उभं केलं त्याला, हसत हसत, माझ्याच हाताने —

थोड्या वेळाने

पाठ मी लावणार होते. सासूबाईंनी दंड धरून मागे ओढलं. स्वतः दगडाला हात लावला, बराच वेळ. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तू गाडीत बस, त्याला खाली उतरू देऊ नकोस, माझ्या पोराला घरी ने.

मी त्याच्या शेजारी बसले आहे. त्याला संशय येऊ नये म्हणून लिहिते आहे. तो समोर बघतोय —

सासूबाईंनी पाठ लावली —

हे आले! दगडामागून — डावा खांदा उतरता — धावताहेत, माझं नाव घेताहेत —

शेजारी त्याने किल्ली फिरवली. माझ्या बाजूचं दार उघडत ना