सहा मिलिमीटरचा आयपीस

सोमवार, ८ नोव्हेंबर

दुर्बिणीच्या पंचवीस मिलिमीटरच्या आयपीसमधून – डोळा लावायच्या भिंगातून – शनी म्हणजे तिळाएवढा. दहाच्यातून कडं दिसतं, पण दिसलं न दिसलं असं. दुकानदाराने सहा आणि चार मिलिमीटरचे दोन वापरून बघायला दिले – शनिवारपर्यंत एक ठरवायचा. आकडा जितका लहान तितकं चित्र मोठं. मी लगेच चारवर हात ठेवला. तो म्हणाला, मोठं दिसतं ते स्पष्ट दिसेलच असं नाही, ताई. खरंय. चारमधून शनी पाण्यात पडल्यासारखा थरथरतो.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

दिवेलागणीलाच गच्चीवर गेले. सहाचा लावला. गुरू – दोन्ही पट्टे स्वच्छ! आणि त्यांच्यावरून एक काळा धागा सरकला. आयपीस पुसला. पुन्हा धागा. चारचा लावला – आणखी ठळक. म्हणजे काचेत नाही. माझ्या डोळ्यात आहे.

मी घड्याळं दुरुस्त करते. केसाएवढ्या स्प्रिंगवर माझं सगळं चालतं. डोळा गेला तर उरलं काय? यांना सांगितलं नाही.

बुधवार, १० नोव्हेंबर

दुकानदाराला फोन केला. हसला. एवढं मोठं करून बघितलं की आपल्याच डोळ्यातली जळमटं दिसतात म्हणे, सगळ्यांनाच असतात. खात्री हवी तर घरातल्या कुणाला तरी बघायला लावा. जीव भांड्यात पडला – अर्धाच.

गुरुवार, ११ नोव्हेंबर



हे शाळेची बस चालवतात. संध्याकाळी घरी आले तसं त्यांना गच्चीवर बोलावलं. गुरू मधोमध आणून दिला. ते डावा डोळा लावून बघत होते. म्हटलं, उजव्यानेही बघा, धागा दिसतो का. बघितलं.

"नाही गं. छान दिसतंय. कडंही दिसतंय."

गुरूला कुठलं कडं? मी वाकून पाहिलं. गुरू केव्हाच सरकून गेला होता. आत नुसता अंधार.

जिना उतरताना ते उजवा हात भिंतीवर ठेवून उतरले. मागे एकदा त्यांनी चहा कपाबाहेर ओतला होता. धांदरट म्हणून मी हसले होते.

त्या बसमध्ये एक्केचाळीस मुलं असतात.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

सकाळी सरळ विचारलं. बशी बाजूला सारून म्हणाले, "चार महिने झाले. उजवीकडे नुसतं धुकं आहे." डॉक्टरांना दाखवलंय. आतली नस सुकली आहे, गेलेली नजर परत यायची नाही.

आणि बस?

"मुलांची काळजी मला नाही का? तू त्यात पडू नकोस."

ड्रेस चढवला आणि निघून गेले. मी दार अडवलं नाही. का नाही अडवलं? दिवसभर फोन वाजला की अंगावर काटा. एक स्प्रिंग चिमट्यातून उडाली, सापडलीच नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर

चारचा परत केला, सहाचा ठेवला. दुकानदाराने विचारलं, घरी कुणी बघितलं का? हो म्हटलं.

रविवार, १४ नोव्हेंबर

आमचं बोलणं बंद आहे. उद्या शाळेत फोन करायचा. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची चुगली! केली तर त्यांची नोकरी जाईल. नाही केली तर – लिहवत नाही.

सोमवार, १५ नोव्हेंबर

केला फोन. ऑफिसातल्या बाईंना सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, ते बस चालवत नाहीत. तीन महिने झाले, स्वतःच येऊन चाव्या ठेवल्या. आता मुलांना हात धरून चढवतात-उतरवतात. घरी सांगू नका म्हणाले होते, ती घाबरेल."