आखाजीचा झोका अन् गुड्डीचं पाखरू

२ एप्रिल, गुरुवार
गुड्डीचा कॉल. माझी नात, दिलीपची पोर. पार कोलंबियाच्या जंगलात पाखरं शोधते. इथं दिवेलागण, तिथं सकाळ. पाखरू दाखवलं, हमिंगबर्ड. अंगठ्याएवढं! आपल्या केळफुलावर शिंजीर येतो तसंच, पण हे हवेतच उभं राहून रस पितं. नराच्या कपाळावर पांढरं फूल खोचल्यासारखं. बाई बिचारी साधी, बाप्या नटून हिंडतो! लई हसले. जंगल तुटलं, ही पाखरं थोडीच उरली म्हणे. घरटं सापडेना. पोरीचं तोंड उतरलेलं.
"आखाजीला येशील ना गं?"
"बघू आजी, पहिले घरटं तर भेटू दे."
बोलण्याच्या नादात भाजी करपली.

९ एप्रिल, गुरुवार
गौराईला नवस बोलले. घरटं सापडलं की काम उरकलं, पोर घरी. मांडे करीन. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, साऱ्या लेकी माहेरी येतात, माझीच का नाही? दिलीप फोपनारहून, मळ्यातून आला. त्याला झोक्याचा दोर आणायला लावला.

१३ एप्रिल, सोमवार
सापडलं!! फोटो आला. अर्ध्या लिंबाएवढी वाटी, आत दोन अंडी, काबुली चण्याएवढी. गुड्डी रडली, मी पण. मग म्हणते, "आजी, आता तर नाहीच येता येणार. पिल्लं उडेपर्यंत इथंच."
दिलीप हसून लोटपोट. "माय, नवस उलटा बोलली तू! घरटं नसतं सापडलं तर आली असती."
मेल्याला हसू सुचतं.
गुड्डीला विचारलं, पिल्लांचा बाप कुठाय? तो फिरकतच नाही म्हणे, सगळं तीच करते. म्हणजे फूल लावून उंडारतोय! मग बाळंतिणीजवळ कुणी नको? राहू दे पोरीला.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी
नवस फेडला. दिलीप म्हणे, "पोर आली नाही तरी?" अरे, घरटं तर दिलं ना गौराईनं. एक मांडा खापरावर टाकताना फाटला. फाटलेला गुड्डीचाच असायचा. झोका रिकामा बघवेना, मीच बसले! गुडघे कुरकुरले, पण काय मजा. दिलीपनं फोटो धाडला.
लगेच तिकडूनही फोटो. एक पिल्लू निघालं. काळं, उघडं, अळीसारखं. इतकं कुरूप, इतकं गोड! दुसरं अंडं अजून बंदच. आई बसून आहे.
दिलीपला म्हटलं, झोका सोडू नको. दारच्या कडुलिंबाला काय जड आहे का? पिल्लं उडाली की गुड्डी येईल, तोवर आंबे उरले तर...