एकटी भेटली

प्रिय टॅमसिन,

तू सात वर्षांची आहेस आणि आपण कधी भेटलो नाही. मी शहराच्या कौन्सिलमध्ये, घरी नीट काळजी घेतली जात नसल्याची शंका असलेल्या मुलांच्या देखरेखीचे तक्ते करते. समाजसेविका तुझ्या घरी वेळेवर गेली का आणि तुझ्याशी एकटीशी बोलली का, एवढंच मी बघते. आई समोर असली की मुलं मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणून तो रकाना आहे. 'मूल एकटं भेटलं' अशी खूण असली की मी तो हिरवा करते.

तुझ्या पाचही भेटी हिरव्या होत्या.

कौन्सिलच्या समितीच्या बैठकीत अध्यक्ष ऑल्डरिजसाहेब म्हणाले, "शंभर टक्के! मग हेदर, केक कुठाय?"

"केकच्या खर्चाला तर तुम्हीच कात्री लावलीत, साहेब," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

गेल्या सोमवारी किटलीतलं उकळतं पाणी तुझ्या हातावर सांडलं. त्यानंतर मी तुझ्या नोंदी पहिल्यांदा पूर्ण वाचल्या. दर वेळी नवी समाजसेविका होती आणि दर वेळी दार तूच उघडलं होतंस. "आई दुकानात गेलीय," असं तू पाचही जणींना सांगितलंस. प्रत्येकीला वाटलं, आजच गेली असेल.

तू एकटी भेटलीस, कारण तू एकटीच होतीस.

आज सहाव्या भेटीची नोंद आली. रुग्णालयात तुझ्या खाटेशेजारी कुणीच नव्हतं. मी रकाना हिरवा केला.

तुझ्या भेटी मोजणारी,
हेदर