कालची भजी

सौ. द्वारकेस,

अंथुर्ण्याच्या सर्जेरावांनी मुलासाठी आपल्या नातीला पत्रानं मागणी घातली, त्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. तुला स्थळ पसंत आहे. मला मात्र मुलाच्या हॉटेलाचा संशय होता. म्हणून आज इंदापूरच्या स्टँडवर त्याच्या हॉटेलात जाऊन ओळख न देता मिसळ मागितली.

सर्जेरावांचा मुलगाच कानाशी येऊन म्हणाला, "आबा, मिसळीत कालची भजी हायती. तुमी पोहे खावा."

पोर गुणी वाटलं. तेवढ्यात तीच मिसळ त्यानं शेजारच्या ड्रायव्हरपुढं ठेवली. "घ्या पाव्हणं, ताजी हाय!"

मीच फार संशयी असेन. तुझ्यासमोर बोलणं जमणार नाही, म्हणून चिठ्ठी ठेवून वाचनालयात बसतो. नकाराचं कार्ड इंदापुरातच पेटीत टाकून आलो आहे.